ध्यानाचं संगीत : गोरखगड, डाक आणि फोनमधली शांतता



आजचा विषय आमचा नाही, श्रोत्यांचा आहे. शहापूर, वासिंद, मुरबाड, सरळगाव या बाजूच्या काही श्रोत्यांनी विचारलं की, ध्यानाला बसताना संगीत लावावं का? ‘रिलॅक्सिंग’, ‘हीलिंग’, ‘वर्ल्ड म्युझिक’ अशा नावांनी फोनवर जे तासन्‌तास वाजत राहतं, त्यानं खरंच काही होतं का? एकानं तर थेटच विचारलं आहे की, ही सगळी फसवणूक आहे का. फसवणूक हा शब्द आम्ही आत्ताच वापरणार नाही. आधी प्रश्न नीट मांडू, कारण या प्रश्नात तीन प्रश्न एकात एक अडकलेले आहेत. विश्रांती मिळणं ही एक गोष्ट. मन एका ठिकाणी लागणं ही दुसरी. आणि आजार बरा होणं ही तिसरी. जाहिरातीत तिन्ही एका दमात येतात. आपण ती सुटी करून बघू.

हा माल आला कुठून, ते आधी थोडक्यात. १९६४ साली टोनी स्कॉट नावाच्या अमेरिकन क्लॅरिनेटवादकानं जपानमध्ये दोन जपानी वादकांना बरोबर घेऊन झेन ध्यानासाठी म्हणून एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. १९६८ साली पॉल हॉर्न हा बासरीवादक ताजमहालच्या घुमटाखाली एकटा वाजवत बसला आणि तिथला घुमणारा आवाज त्यानं मुद्रित केला. १९७२मध्ये ‘तिबेटन बेल्स’ नावाची तबकडी आली. आज शेतघरांत आणि रिसॉर्टांत ‘तिबेटी वाडगे’ वाजवून जे उपचार चालतात, त्यांची पाश्चात्त्य जगातली लोकप्रियता तिथून वाढली. तिबेटच्या मठांमध्ये हे वाडगे उपचारासाठी वाजवले जात होते, याला मात्र भक्कम पुरावा मिळत नाही. आणि ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव? ते १९८७ साली लंडनमधल्या एका पबमध्ये जमलेल्या तबकड्यांच्या व्यापाऱ्यांनी ठरवलं. दुकानात कुठल्या फळीवर ठेवायचं हे कळत नसलेल्या मालाला एक पाटी हवी होती, इतकंच. म्हणजे ज्याला आपण प्राचीन समजतो, ते बरंचसं आमच्याच हयातीतलं आहे बरं का! त्यामुळे ते वाईट ठरत नाही. फक्त ‘हजारो वर्षांची परंपरा’ हा आधार त्याखालून काढून घ्यावा लागतो.

आता आपल्या मुलखात येऊ. मुरबाड तालुक्यात देहरी गावाच्या डोक्यावर गोरखगडाचा सुळका आहे आणि शेजारी मच्छिंद्रगडाचा. कातळात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी, वर खांब असलेली प्रशस्त गुहा. गोरक्षनाथांनी इथे साधना केली अशी परंपरा आहे. परंपरा आहे एवढंच आम्ही म्हणतो, इतिहास म्हणत नाही. पण नाथपंथी साधक आवाजाचं काय करत होते, हे आपल्याला ग्रंथांतून नेमकं कळतं. स्वात्मारामाच्या ‘हठयोगप्रदीपिके’च्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान सांगितलं आहे. साधकानं कान बंद करून आतला आवाज ऐकायचा. आधी समुद्र, ढग, भेरी यांच्यासारखे मोठे आवाज येतात. मग मृदंग, शंख, घंटा. मग घुंगरू, बासरी, वीणा आणि शेवटी भुंग्याची गुणगुण. आवाज जाडाकडून बारकाकडे जातो. त्या नादात मन, गाणं ऐकून उभ्या राहिलेल्या हरणासारखं, अडकतं. आणि त्यानंतर? त्यानंतर आवाजही राहत नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली म्हणजे, हा नाद कुणी वाजवत नाही, म्हणून त्याला अनाहत म्हणतात, आघाताशिवाय झालेला. दुसरी म्हणजे, त्याच्याकडे सगळं लक्ष द्यायचं असतं. पतंजलीच्या योगसूत्रांतही ध्यान म्हणजे एकाच विषयाकडे जाणिवेचा अखंड प्रवाह. आता फोनवरचं ध्यानसंगीत बघा. ते मुद्दाम असं रचलेलं असतं की त्याकडे लक्ष जाऊ नये. ठेका पकडता येत नाही, चाल लक्षात राहत नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. ज्याकडे लक्षच द्यायचं नाही, त्याचं ध्यान होणार कसं? हा आमचा मुख्य आक्षेप आहे आणि तो वैद्यकीय नाही, तर्काचा आहे. असं संगीत खोलीतला पडदा ओढल्यासारखं काम करतं. बाहेरचा गोंगाट कमी होतो. पडद्याला आमची हरकत नाही, पण पडदा म्हणजे ध्यान नव्हे.

हा भेद आपल्याकडच्या संगीतशास्त्राला पक्का ठाऊक होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शारंगदेव होता. राजाच्या हिशेबखात्याचा माणूस, आयुर्वेद जाणणारा. त्यानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. संगीताच्या या ग्रंथात राग-ताल यायच्या आधी गर्भ कसा वाढतो, शरीर कसं घडतं, नाड्या कुठे असतात, हे येतं. आमचे विद्यार्थी दरवर्षी विचारायचे की, सर, हे पुस्तक गाण्याचं आहे ना? त्या शरीरविचाराच्या शेवटी शारंगदेव अनाहत नादाशी येतो आणि स्वच्छ सांगतो की तो मुनींना मुक्ती देईल, पण लोकांचं रंजन करणार नाही. म्हणून आपण आहत नाद, म्हणजे वाजवलेला, गायलेला नाद, याचा विचार करू. किती प्रामाणिक वाटणी आहे ही! ‘वाजवलेल्या’ तबकडीत ‘न वाजवलेल्या’ची शांतता मिळेल असं तो विकत नाही.

आता उलट बाजू. नाथांची गुहा एकट्याची आणि निःशब्द. पण त्याच डोंगरांच्या पायथ्याशी बरं करण्यासाठी जे वाजवलं जातं, ते अजिबात शांत नाही. ठाकर आणि महादेव कोळी समाजांत डाक वाजते. डमरूसारखी मध्ये बारीक, पण डमरूपेक्षा मोठी, काडीनं वाजवायची. तिच्या साथीनं देवांच्या कथा गायल्या जातात, रात्र चढते आणि भगताच्या अंगात वारं येतं. वारल्यांकडे घांगळी असते. दांडी, दोन भोपळे आणि तार. तिच्यावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा गायली जाते. तारपा वेगळा. भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरत राहतात. आज कुणी ‘ट्रायबल हीलिंग’ म्हणून तारप्याचा तुकडा मुद्रित करून त्यावर पावसाचा आवाज चढवला, तर त्यातून काय काय गळेल ते मोजा. नाचणारे गळाले. हंगाम गळाला, कारण तारपा भाताच्या हंगामाशी बांधलेला आहे. देव गळाला, रात्र गळाली. उरला नुसता आवाजाचा रंग.

फ्रेंच संगीत-अभ्यासक जिल्बेर रूजे यांनी १९८० साली संगीत आणि अंगात येणं यावर मोठा ग्रंथ लिहिला. जगभरची उदाहरणं तपासून ते म्हणतात की नुसत्या ढोलाच्या ठेक्यानं कुणाच्या अंगात येत नाही. तसं असतं तर ऐकणाऱ्या सगळ्यांच्याच आलं असतं. आपण कोण, हे गाणं कोणत्या देवाचं, आता काय घडायचं आहे, हे त्या सगळ्या माणसांना माहीत असतं म्हणून संगीत काम करतं. त्यांनी आणखी एक भेद केला. एक अवस्था एकांतात, स्थिर बसून, शांततेत येते. दुसरी गर्दीत, हालचालीत, आवाजात. आपल्यासाठी हा भेद समजायला पुस्तकाची गरज नाही. देहरीच्या वरची गुहा आणि खालच्या पाड्यावरची डाक, एवढं पुरे. ॲरिस्टॉटललाही हे ठाऊक होतं. ‘पॉलिटिक्स’च्या शेवटच्या भागात तो सांगतो की झपाटलेली माणसं उन्माद चढवणारीच पवित्र गाणी ऐकून मोकळी होतात, जणू औषध मिळालं. म्हणजे मऊ, संथ, गुळगुळीत ऐकवलं की माणूस बरा होतो, ही समजूत ना डोंगरातली ना ग्रीसमधली. ती अलीकडची, शहरी आहे.

आता तिसरा प्रश्न, आजाराचा. इथे आम्ही सौम्य बोलणार नाही. डाकेच्या रात्री माणसाला आधार मिळतो. घरावर आलेलं दुःख एकट्याचं राहत नाही, आणि ही किंमत मोठी आहे. पण पावसाळ्यात भातखाचरात नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलं, तर त्यावर एकच उपाय आहे, प्रतिविषाची लस. ती सरकारी रुग्णालयात मिळते, आणि १०८ला फोन करायचा असतो. साप-विंचू-कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करत बसणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हे भगताला सांगणारे पुष्कळ आहेत. पण शेतघरावर हजारो रुपये घेऊन वाडग्याच्या आवाजानं थायरॉइड, मधुमेह, नैराश्य बरं करू म्हणणाऱ्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला तोच प्रश्न कुणी विचारत नाही. न्याय दोघांना एकच हवा. कुणाला महिनोन्‌महिने झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो, तर त्यानं कानात हेडफोन घालून वाट बघू नये. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फोन करावा, डॉक्टरांना भेटावं.

मग संगीतानं शरीरावर काहीच होत नाही का? होतं. शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाला संगीत ऐकवलं तर त्याची धास्ती कमी होऊ शकते, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलं आहे. इटलीतले लुचियानो बर्नार्डी आणि सहकारी यांनी २००६ साली ‘हार्ट’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. २४ माणसं, निम्मी संगीत शिकलेली, निम्मी न शिकलेली. त्यांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं, आपला रागही त्यात होता, आणि श्वास, नाडी, रक्तदाब मोजले. लय जलद झाली की श्वास आणि नाडी वाढली. त्यात ऐकणाऱ्याच्या आवडी-नावडीपेक्षा लयीचा हात मोठा होता. पण खरी गंमत पुढे आहे. संगीताच्या मध्ये त्यांनी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि शरीर सगळ्यात जास्त सैल झालं ते त्या शांततेत. ऐकण्याच्या आधी होतं त्याहूनही सैल.

म्हणजे संगीतानंतरची शांतता. नुसती शांतता नाही, नुसतं संगीतही नाही. आठ तास न थांबता वाजणाऱ्या ध्यानसंगीतात नेमकी तीच जागा ठेवलेली नसते.

याच गटाचा २००१चा एक प्रयोग आम्हाला याहून महत्त्वाचा वाटतो. त्यांनी माणसांना ऐकवलं नाही, म्हणायला लावलं. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा बौद्ध मंत्र. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि त्या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकमेकांशी जुळून चालू लागले. एका धर्माचा मंत्र, दुसऱ्या धर्माची प्रार्थना, आणि श्वास सारखाच. कारण दोन्हींची एक ओळ एका निःश्वासाएवढी आहे.

त्या प्रयोगात हरिपाठ नव्हता. पण संध्याकाळी देवळात हरिपाठ कसा होतो ते आठवा. एकानं चरण सोडायचा, बाकीच्यांनी उचलायचा. उचलताना श्वास लांब सोडावाच लागतो, आणि दुसरे म्हणत असताना घ्यावाच लागतो. कुणी ‘प्राणायाम करा’ म्हणून सांगितलेलं नसतं. ज्ञानदेवांना निवृत्तिनाथांकडून मिळालेली परंपरा मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी अशीच येते. म्हणजे गोरखगडाच्या गुहेतली एकट्याची साधना त्याच परंपरेत पुढे दहा-वीस माणसांच्या, टाळांच्या, ज्याचा आवाज फाटका त्यालाही जागा असलेल्या गायनापर्यंत आली. हा बदल तत्त्वज्ञानाच्या इतिहासात फार मोठा आहे, आणि आमच्या मते त्याची नोंद हवी तेवढी घेतली गेलेली नाही. असो.

आम्हाला काळजी वाटते ती इथे. शहापूर-मुरबाडच्या गावांत भजनी मंडळं आहेत, कार्तिकात काकडा होतो. पण तरणी पोरं कसारा लोकलनं पहाटे निघतात आणि रात्री परततात. थकलेला माणूस पलंगावर पडून फोनवर बासरी लावतो. त्याला आम्ही नावं ठेवत नाही, शरीर तेवढंच मागत असतं. पण गाणारा गट एकदा मोडला की तो फोनमधून परत मिळत नाही, आणि मृदंगाचा हात शिकवणारा म्हातारा गेला की पुढच्याला शिकवायला कोणी उरत नाही.

आणखी एक गोष्ट. आवाजाला अर्थ असतो. झोपेसाठी पाण्याचा, पावसाचा आवाज लावतात. मुंबईचा माणूस तानसा, मोडकसागर, भातसा यांचं पाणी पितो. ही धरणं शहापूर तालुक्यातली. रात्री तो फोनवर झऱ्याची झुळझुळ लावून झोपतो. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात बायका टँकरची वाट बघत बसतात. त्यांना कुठला आवाज शांत करेल? टँकरच्या इंजिनाची घरघर! आणि जूनमध्ये गळक्या छपराखाली पावसाचा आवाज कुणाला ‘रिलॅक्सिंग’ वाटत नाही. लय शरीरावर काम करते हे खरं, पण दिलासा कशानं मिळतो हे माणसाच्या जगण्यावर ठरतं.

४३२चा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे, तोही घेऊ. सांगतात की सगळं संगीत ४३२ हर्ट्‌झवर लावलं की विश्वाशी जुळतं, आणि १९५५ साली ठरलेलं ४४०चं आंतरराष्ट्रीय मानक माणसाला अस्वस्थ करतं. हर्ट्‌झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. सेकंद म्हणजे दिवसाचे ८६,४०० तुकडे करून माणसानं ठरवलेलं माप. दिवसाचे एक लाख तुकडे केले असते, तर त्याच स्वराचा आकडा ४३२ राहिला नसता. मग विश्वाला आपल्या घड्याळाचा हिशेब कसा ठाऊक? कलियुग ४,३२,००० वर्षांचं म्हणून हा आकडा पवित्र, असंही सांगतात. तो आकड्यांचा खेळ झाला. आणि आपल्याकडे तर षड्‌ज बांधलेलाच नाही. कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी पाच. गाणाऱ्याच्या गळ्याला जुळेल तिथे सा. भजनात पेटीवाला आधी बुवांचा आवाज बघतो, मग पट्टी धरतो.

कसारा घाट चढून गेलं की इगतपुरी. तिथे १९७६पासून सत्यनारायण गोयंका यांनी सुरू केलेलं विपश्यनेचं केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात संगीत नाही, बोलणं नाही, वाचन नाही. लक्ष श्वासावर आणि शरीरातल्या संवेदनांवर. मात्र बैठकीच्या सुरुवातीला आणि शेवटी गोयंकांच्या आवाजातलं मुद्रित पठण लागतं, मधला वेळ रिकामा. आवाजानं दार उघडायचं आणि आवाजानंच लावायचं, पण आत त्याला बसू द्यायचं नाही. ध्यानाला संगीत लावावं का, या प्रश्नाचं व्यवहारातलं उत्तर आम्हाला यात दिसतं. पाच-दहा मिनिटं काहीही ऐका. तंबोरा लावा, आवडीची भूपाळी लावा, संथ लयीचं असेल तर बरं. मन लावून ऐका. मग बंद करा आणि बसा. गाता येत असेल तर ऐकण्यापेक्षा स्वतः म्हणा, सूर लागला नाही तरी चालेल. आणि गावात मंडळ असेल तर तिथे जा. घरी एकट्यानं ओळ लांबवायला लाज वाटते, तिथे नाही वाटत.

झोपेसाठी लावलं तर चालेल का, असं एका ताईंनी विचारलं आहे. ताई, जरूर लावा. झोप हे ध्यान नाही, पण झोप ही झोप आहे, तिची किंमत कमी नाही. आवाज बारीक ठेवा आणि अर्ध्या तासानं आपोआप बंद होईल असं बघा.

पुढच्या वेळी शारंगदेवाचं शरीरावरचं प्रकरण सावकाश वाचू. काकडा किंवा डाक लहानपणी ऐकलेल्या मंडळींनी आपल्या गावात ते कोण गात होतं आणि आता कोण गातं, एवढं लिहून पाठवावं. व्याख्यानाच्या सुरुवातीला ते आम्ही वाचून दाखवू. नमस्कार.